पिवळ्या पट्ट्याचा मास्क

मी एक जुना मास्क आहे. नाही मित्रांनो, दोन्ही कानांना अडकवून नाकावर ओढायचा कापडी मास्क नव्हे. तो माझा कुणी लागत नाही. मी पाणबुड्याचा मास्क. पुढे जाड काच, तिच्या कडेने चेहऱ्याला चिकटून बसणारी मऊ झालर, मध्ये नाकासाठी खळगा आणि मागे डोक्यावरून जाणारा पट्टा. माणसाने नुसत्या डोळ्यांनी पाण्यात पाहिले तर ओल्या कागदावर शाई फिसकटावी तसे सगळे दिसते. मी त्याच्या डोळ्यांपुढे मूठभर हवा धरून ठेवतो आणि मग त्याला माशाचा खवलान् खवला मोजता येतो. एवढेच माझे काम. पण ते करता करता मी जे पाहिले ते सांगायचे म्हटले की आत्ताही माझ्या काचेवर वाफ धरते. स्वभावच आहे तसा. काही घडायला लागले की मी लगेच धुकटतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात झालर ओतली, काच भट्टीत भाजून कडक केली, आणि दोघांचे लग्न लावून मला एका डबीत घातले. त्या डबीतून मी थेट एका मत्स्यालयात उतरलो. मत्स्यालयाच्या मागच्या बाजूला, जिथे बघायला येणारी माणसे कधीच जात नाहीत, तिथे एक लांबट खोली आहे. ओल्या फरशीची, खाऱ्या वासाची, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना निथळणारे काळे पोशाख. त्या खोलीचे मालक म्हणजे मास्तर. मत्स्यालयाचे मुख्य पाणबुडे. फार कमी बोलणारा माणूस. पाण्याखाली बोलता येत नाही, ती सवय त्यांना वरही लागली असावी.

मास्तरांनी मला डबीतून काढले, बोटावर टूथपेस्ट घेतली आणि माझी काच आतून खसाखसा घासली. नव्या काचेवर कारखान्याचा चिकटा असतो, तो असाच जातो. मी म्हटले, वा, काय थाटाची आंघोळ. आणि पुढच्याच क्षणी हा गृहस्थ माझ्यात थुंकला. होय, थुंकला. बोटाने ते पसरवले, पाण्यात खळबळून धुतले आणि मला डोळ्यांवर चढवले. मी रागाने लाल व्हायचा तेवढा बाकी होतो. मागून समजले की थुंकी लावली की काचेवर वाफ धरत नाही आणि जगातले भलेभले पाणबुडे असेच करतात. तेव्हापासून मी तिला आशीर्वाद समजतो. दुसरे करणार काय?

पहिली काही वर्षे माझी चांदी होती, मित्रांनो. मत्स्यालयाची मोठी टाकी म्हणजे दोन मजली घराएवढे पाणी. त्यात मी रोज उतरायचो. चादरीसारखे पसरट पाकट मासे माझ्या काचेवरून सरकत जायचे. छोट्या मुशा, म्हणजे शार्कच्या जातीचे मासे, वाळूवर आडव्या पडून आमच्याकडे तिरक्या डोळ्याने बघायच्या. आणि मुकादम. मुकादम हे तिथले भले थोरले कासव. कुणी काच घासत असो की खाणे टाकत असो, हे मागे येऊन उभे राहणार आणि काम नीट चालले आहे का ते बघणार, म्हणून त्याला ते नाव पडले. त्याला जेवायची वेळ कळावी म्हणून पाण्यात एक पिवळी फळी धरायचे. पिवळे दिसले की मुकादम आपले वय विसरून धावत सुटायचा. "हा मास्क थेंबभरही गळत नाही," असे मास्तर एकदा म्हणाले होते. महिनाभरात त्यांनी कुणाचे केलेले ते एकमेव कौतुक होते.

पुढे रुंद काचेचे नवे मास्क आले. त्यांच्यातून कडेचेही दिसते म्हणे. मी गेलो निळ्या टबात. त्या टबात शिकाऊ लोकांसाठी ठेवलेले जुने सामान असायचे. तिथे माझी फार आबाळ झाली. कुणी मिशीवाला मला लावायचा आणि मिशीतून पाणी शिरले की दोष मला द्यायचा. कुणी मला गोड्या पाण्यात न धुताच टाकून द्यायचा आणि मीठ माझ्या सांध्यांत वाळून बसायचे. एका उन्हाळ्यात टब खिडकीखाली राहिला, तेव्हा माझी पांढरी झालर जुन्या दातांसारखी पिवळसर झाली. मला वाटले, संपले आपले. आता कुणीतरी मोडीत काढणार.

आणि मग ड्रायव्हरबाई आल्या.

बाई शहरातली बस चालवायच्या. त्यांच्या बसचा शेवटचा स्टॉप म्हणजे मत्स्यालयाचे फाटक. कित्येक वर्षे त्यांनी शाळेच्या सहली, नवी लग्न झालेली जोडपी, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, सगळ्यांना या दारात आणून सोडले आणि स्वतः आत न येता गाडी वळवून नेली. एक दिवस बसचे दार अडकले. मेकॅनिक येईपर्यंत करायचे काय म्हणून त्या पहिल्यांदा तिकीट काढून आत आल्या. ही हकीकत त्यांनी शिकाऊंच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका दंतवैद्यांना सांगितली, आणि मी टबात पडल्या पडल्या ऐकली.

"मोठ्या टाकीपुढं उभी राहिले," बाई म्हणाल्या. "आत एक जण माशांना भरवत होता. मला वाटलं, डॉक्टर, मी जन्मभर काचेतूनच बघत आले. समोरची काच, बाजूचे आरसे. पण सगळं आपलं एका बाजूनं. त्या माणसाला दुसरी बाजू मिळाली होती. मला ती हवी असं वाटलं. इतकं हवंसं मला लग्नातसुद्धा काही वाटलं नव्हतं."

"नवऱ्याला सांगितलंत हे?" दंतवैद्यांनी विचारले.

"सांगितलं. तो म्हणाला, लग्नात मला पण तू फार हवीशी वाटली नव्हतीस, नंतर सवय झाली."

मत्स्यालयात स्वयंसेवक पाणबुडे असतात. आठवड्यातून एक दिवस यायचे, टाकीत उतरायचे, आतून शेवाळ घासायचे, माशांना खाऊ घालायचे. तुकडीत बाई आणि दंतवैद्य अशी जोडी लागली होती, कारण पाण्यात कुणी एकटे उतरत नाही. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे. दंतवैद्य फार नीटनेटके. बाई मात्र मोकळ्याढाकळ्या, मोठ्या आवाजाच्या, मागे उभ्या असलेल्यांना "पुढं सरका, जागा आहे" म्हणायची सवय असलेल्या. टबातला प्रत्येक मास्क त्यांनी चेहऱ्याला लावून पाहिला. पट्टा न बांधता नुसता टेकवायचा आणि नाकाने हवा ओढायची. मास्क चिकटून राहिला तर तो आपला. नवे दोन पडले, तिसरा पडला. मी नाही पडलो. मी असा चिकटलो की त्यांना मला ओढून काढावे लागले.

"हा जुना आहे," मास्तर म्हणाले.

"मीही आहे," बाई म्हणाल्या. त्या क्षणी मी धुकटलो ते अजून आठवते.

मागच्या खोलीतल्या छोट्या हौदात मासे नव्हते. तिथे बाई झकास शिकल्या. तोंडातल्या नळीतून श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, आणि काही झाले तरी श्वास रोखायचा नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. श्वास रोखून माणूस वर गेला तर छातीतली हवा फुगते आणि इजा होते, म्हणून. मला डोळ्यांवरून काढायचे, परत घालायचे, वरची कड दाबून नाकाने जोरात फुंकायचे आणि आत शिरलेले पाणी खालून बाहेर काढायचे, हेही त्यांना पटकन जमले. मला तर वाटले, परीक्षा म्हणजे आता हातचा मळ.

परीक्षा मोठ्या टाकीत असायची. तळाच्या वाळूवर गुडघे टेकायचे, मास्क काढून परत घालायचा, टाकीला एक फेरी मारायची आणि काचेचा एक तुकडा घासून दाखवायचा. दोनदा संधी. दुसऱ्यांदाही नाही जमले तर नाव कापले जायचे, आणि पुढची तुकडी कधी निघेल ते खुद्द मास्तरांनाही माहीत नसायचे. बाईंना हे ठाऊक होते. परीक्षेच्या सकाळी त्या माझा पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या.

आम्ही खाली उतरलो. निळा उजेड, खालून वर जाणारे बुडबुडे, आणि पलीकडे काचेला नाक लावून उभी असलेली शाळेची मुले. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे मला अंग असते तर आला असता. बाई वाळूकडे निघाल्या आणि नेमका एक पाकट उजवीकडून आडवा आला.

बाईंनी ब्रेक मारला.

हसू नका मित्रांनो. वीस वर्षे बस चालवलेल्या माणसाच्या समोर काही आडवे आले की त्याचा उजवा पाय डोक्याला न विचारता खाली जातो. बाईंचाही गेला. पण त्या पायात ब्रेक नव्हता, हातभर लांबीचा रबरी पंख होता. त्या एका फटक्याने बाई डावीकडे गर्रकन फिरल्या आणि तळाची वाळू धुरळ्यासारखी उठली. आणि ब्रेक मारताना माणूस जे करतो तेच त्यांनी केले. श्वास रोखला. भरल्या छातीने त्या फुग्यासारख्या वर निघाल्या. मास्तरांनी झडप घालून त्यांच्या खांद्यावरचा पट्टा पकडला, हळूहळू श्वास सोडायला लावला आणि अंगठा वर केला. पाण्यात अंगठा वर म्हणजे शाबासकी नव्हे. त्याचा अर्थ, चला वर, संपले. पलीकडची मुले मात्र टाळ्या वाजवत होती. त्यांना तो खेळच वाटला.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा," मास्तर म्हणाले. "बुडबुडे थांबता कामा नयेत, बाई. बाकी सगळं माफ आहे."

बाईंनी पायांतले पंख काढले. त्यांनी मला गोड्या पाण्यात धुतले, फडक्यात गुंडाळले आणि विचारून घरी घेऊन गेल्या. त्या दिवशी बसमध्ये बाई प्रवासी होत्या, ड्रायव्हर नव्हत्या. पिशवीच्या तोंडातून मी बघत होतो. प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय खाली जात होता आणि त्या स्वतःशीच चिडत होत्या.

मी पहिल्यांदाच कुणाचे घर पाहिले. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, यंत्रावर बाईंच्या सासूबाई आणि पलंगावर कॉलेजात जाणारी लेक. मला टेबलावर ठेवले तसे सासूबाईंनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळले.

"हे नाकपण झाकतं का गं?"

"हो आई. नाकात पाणी जाऊ नये म्हणून."

"मग कांद्याचं पण नाही जाणार," सासूबाई म्हणाल्या, आणि मला डोळ्यांवर चढवून त्यांनी पाच-सहा कांदे बारीक चिरले. डोळ्यांतून एक टिपूस नाही. लेक हसून हसून पलंगावर आडवी झाली. मी समुद्रातल्या प्राण्यांत वावरलेला, पण इतका उपयोगी मी क्वचितच कुणाला वाटलो असेन. दुसऱ्या दिवशीही कांदे चिरायच्या वेळी त्यांनी मला हाक मारली. "ते काचेचं कुठंय?" म्हणून.

रोज कामावरून आल्यावर बाई सराव करायच्या. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायचे, तोंडात एक नळी धरायची, चेहरा पाण्यात बुडवायचा आणि नळीतून श्वास घेत राहायचा. मला त्या बाजूला ठेवायच्या, कारण माझ्याशिवाय सराव करायचा होता. मग लेक गुपचूप मागून यायची आणि पातेल्यावर डाव आपटायची. ठण्ण. त्याबरोबर बाईंचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा आणि श्वास बंद. दर वेळी. तिसऱ्या दिवशी बाईंनी तोंड वर काढले, चेहऱ्यावरून पाणी ओघळत होते, आणि त्या खुर्चीत बसून चक्क रडल्या.

"नाही जमायचं मला," त्या म्हणाल्या. "पाय माझं ऐकतच नाही. एवढ्या वर्षांत एकाही माणसाला धक्का लागू दिला नाही मी, ह्याच पायाच्या जोरावर. आता तोच मला बाहेर काढतोय."

लेकीने डाव खाली ठेवला. सासूबाईंनी यंत्र थांबवले.

"पायाला कशाला बोलतेस? पाय बरोबर करतोय," त्या म्हणाल्या. "समोर काही आलं तर थांबायलाच हवं. मी तुझ्या बसमधून किती वेळा आले. तू सिग्नलला ब्रेक मारतेस तेव्हा इंजिन बंद करतेस का?"

"नाही. चालू असतं. घुरघुरतं."

"मग इथं का बंद करतेस? मार की ब्रेक. इंजिन तेवढं चालू ठेव."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा चेहरा पातेल्यात घातला. लेकीने डाव आपटला. पाय गेला खाली. आणि नळीतून आवाज आला, हुश्श, मग आत, मग पुन्हा हुश्श. मी टेबलावर पालथा होतो, तरी सांगतो, असा सुंदर आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

त्याच रात्री सासूबाईंनी माझाही कायापालट केला. माझ्या रबरी पट्ट्यात बाईंचे लांब केस अडकायचे आणि काढताना तुटायचे. सासूबाईंनी बसवाल्यांचा एक जुना रेनकोट कापला आणि पट्ट्याला मऊ अस्तराचे सुरेख कव्हर शिवले. दुहेरी टीप मारली. पिवळेधम्मक कव्हर. मित्रांनो, पिवळाधम्मक रंग. तुमच्या लक्षात आले असेल. बाईंच्या लक्षात आले नाही, कारण त्यांच्या डोक्यात इंजिन घुरघुरत होते. सासूबाईंनी तर मुकादमाचे नावही ऐकले नव्हते. आणि मी? मी आरशात स्वतःला बघण्यात दंग होतो.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी पट्ट्यावरून रबरी कानटोपी ओढली, त्यामुळे मास्तरांनाही कव्हर दिसले नाही. मास्तर, दंतवैद्य आणि बाई असे तिघे उतरले. टाकीच्या दुसऱ्या टोकाला एक जण मुकादमाला खाऊ घालून गुंतवून ठेवत होता. वाटेत एक मुशी आडवी आली. पाय खाली गेला, पण बुडबुडे चालू राहिले. मी आनंदाने इतका धुकटलो की बाईंना बहुधा काहीच दिसत नसावे. आम्ही वाळूवर गुडघे टेकले. मास्तरांनी खूण केली, काढा मास्क.

बाईंनी कानटोपी मागे सारली, मला डोक्यावरून काढले आणि हात लांब करून धरले. झाले. निळ्या पाण्यात तो पिवळा पट्टा शाळेच्या घंटेसारखा डोलायला लागला.

मुकादम कसा आला ते मला दिसलेच नाही. एक मोठी सावली, एक हिसका, आणि मी बाईंच्या हातातून निघून मुकादमाच्या चोचीत. पट्टा त्याच्या तोंडात, मी खाली लोंबकळतोय, काच मागच्या दिशेला, आणि आम्ही दोघे भरधाव टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघालो आहोत. जन्मात इतक्या वेगाने मी कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या वेळी मजा वाटली असती. पण मला मागे बाई दिसत होत्या.

वाळूवर गुडघे टेकलेल्या, हात तसाच लांब, मूठ रिकामी. डोळे मिटलेले. त्यांना कळलेच नसणार की काय झाले. कुणीतरी हातातून मास्क ओढला, एवढेच. उजव्या पंखाखालून वाळूचा एक लोट उठला. ब्रेक. आणि बुडबुडे थांबले.

मित्रांनो, पाण्याखाली बुडबुडे थांबले की सगळे जग थांबते. दंतवैद्यांचे दोन्ही हात पुढे आले होते. मास्तर वाकले होते, त्यांचा अंगठा अजून मुठीत होता, तो आता वर होणार हे मला दिसत होते. आणि मी काही करू शकत नव्हतो. माझी जागा त्या चेहऱ्यावर होती आणि मी एका म्हाताऱ्या कासवाच्या तोंडात होतो.

मग एक बुडबुडा निघाला. मोत्याएवढा. मग त्याच्यामागून आणखी एक. मग भसकन मोठा झुबका, आणि मग सावकाश, एकामागोमाग एक, सिग्नलला उभ्या असलेल्या बससारखे, थांबलेले आणि तरी चालू. बाईंनी डोळे उघडले. खाऱ्या पाण्यात, माझ्याशिवाय. त्यांना काय दिसणार होते, सगळे फिसकटलेलेच. तरी त्यांनी अंगठा आणि तर्जनीचे गोल कडे करून दाखवले. ठीक आहे, अशी ती खूण. ती त्यांनी मास्तरांना म्हणून केली होती, पण अंदाज चुकून दंतवैद्यांना दाखवली. दंतवैद्यांनी भारावून तीच खूण उलट केली.

आणि मला एक गोष्ट त्या क्षणी कळली. इतके दिवस मी बाईंच्या चेहऱ्यावर होतो. त्यांनी जे पाहिले ते सगळे मी पाहिले. पण पाण्याखालचा त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. कसा पाहणार? मीच त्याच्या आड होतो, आणि हौदात काढायच्या तेव्हा माझी काच पलीकडे वळलेली असायची. कपाळावर माझ्या कडेचा गोल वण, डोळे लाल, केस सुटून वर तरंगणारे, आणि भीती आहे तिथेच असून तिच्यासकट शांत झालेला तो चेहरा. मला फार अभिमान वाटला. माझा नव्हे, त्यांचा. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होते.

मास्तरांनी खिशातून जादा मास्क काढून त्यांच्या हातात दिला आणि अंगठा किंचित वर करून विचारले, वर जायचे? बाईंनी मान हलवली. नाही. त्यांनी तो परका मास्क घातला, कड दाबली, फुंकले, पाणी काढले आणि फेरीला निघाल्या. एव्हाना मुकादमाला कळले होते की मी खायच्या लायकीचा नाही. त्याने मला वाळूत टाकून दिले. मी उताणा पडून वर बघत राहिलो. बाई माझ्या डोक्यावरून गेल्या, दुसऱ्याच मास्कमधून बघत. खोटे कशाला बोलू, जळलो. चांगला जळलो. पण त्यांनी काच घासली ती इतकी लखलखीत की पलीकडच्या एका लहान मुलीला काच आहे हेच उमगले नाही आणि तिचे कपाळ आपटले.

वर आल्यावर मास्तरांनी मला उचलून धरले. चोचीने पट्ट्याचे कव्हर फाटले होते आणि माझ्या झालरीचा एक लचका गेला होता.

"हा पिवळा रंग कुणाची कल्पना?"

"सासूबाईंची," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं, मास्तर. मला सुचायला हवं होतं. म्हणजे गेलं का माझं ह्या वेळी पण?"

मास्तरांनी फाटक्या पट्ट्यावरून बोट फिरवले. "बाई, इतकी वर्षं मी लोकांना सांगून सांगून मास्क काढायला लावतो," ते म्हणाले. "सांगून काढलेला मास्क निराळा आणि असा गेलेला निराळा. तुमच्यासारखी परीक्षा इथं कुणी दिलेली नाही. मीसुद्धा." मग त्यांना एवढे बोलल्याची लाज वाटली असावी. "कोणत्या वारी येणार ते ठरवा," म्हणाले आणि निघून गेले.

बाई ओल्या फरशीवर तशाच बसल्या. मग त्यांनी घरी फोन लावला.

"आई, झालं. घेतलं मला."

"बरं झालं," पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "पट्टा नीट बसला का?"

"तो कासवानं खाल्ला."

"शिवण उसवली का?"

"नाही. कापड फाटलं. शिवण तशीच आहे."

"मग ठीक," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा ओलसर वाटला.

झालरीचा लचका गेल्यामुळे मी आता जरा गळतो. डोळ्यांवर घालून माशांत फिरायचे दिवस संपले. मला वाटले, आता नक्की मोडीत. पण त्या दिवसापासून मास्तरांनी शिकवायची रीतच बदलली, आणि मला नवी नोकरी लागली. शिकाऊ माणूस हौदाच्या तळाशी निवांत बसलेला असतो. त्याला फक्त इतके माहीत असते की आज केव्हातरी मास्क जाणार आहे. केव्हा, ते कुणी सांगत नाही. मग मागून कुणीतरी हळूच येऊन मला त्याच्या डोळ्यांवरून काढते आणि लांब भिरकावते. बहुतेक वेळा ते काम ड्रायव्हरबाईंकडे असते. मी गिरक्या घेत खाली जातो, तळाला टेकतो आणि तिथून बघत राहतो. हरवणे, हेच माझे सध्याचे काम. आणि मित्रांनो, हेच मला सगळ्यात जास्त आवडते. कारण दर वेळी पायाखाली काहीतरी दाबले जाते, बुडबुडे थांबतात, मी जीव मुठीत धरतो, आणि मग तो पहिला मोत्याएवढा बुडबुडा निघतो.

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल. तुमची पहिली सायकल असेल, पोहायला शिकताना कमरेला बांधलेला भोपळा असेल, धाकट्याला चालायला शिकवणारा पांगुळगाडा असेल. त्यांना धुवा, पुसा, उन्हात तापत ठेवू नका. आम्हाला फार वर्षे जगायचे नसते. आमच्यावाचून तुमचे चालायला लागेपर्यंत तेवढे टिकायचे असते.

आज नवी तुकडी आली आहे. बाकावर एक सुतारकाम करणारे गृहस्थ बसले आहेत. मोठे खरबरीत हात. टबातले सगळे मास्क लावून बघून जरा गळतो हे ऐकूनही त्यांनी शेवटी मलाच निवडले आहे आणि ते मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले आहेत. दाराशी ड्रायव्हरबाई पायांत पंख चढवत आहेत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि दुसरा पंख चढवला.